पुढच्या महिन्यातलं दूध

माझे सासरे पियतिस्स मुदलाली, म्हणजे पियतिस्स शेठ, यांचा धंदा जगातला सगळ्यात बिनघोर धंदा होता. माल विकत घेणारा तो वापरत नसे आणि वापरणाऱ्याला तक्रार करायची सोय नसे.

आमचं पिरिकरांचं दुकान. विहारात दान द्यायचं गाठोडं म्हणजे पिरिकर: चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई-दोरा, पाणी गाळायचं फडकं, आणि भिक्खूंनाही आता लागतं म्हणून साबण, बिस्किटांचे पुडे, माशाचा डबा, दुधाच्या पावडरीचा डबा. वरून चकचकीत पारदर्शक कागद आणि फीत. विहारात नेताना घरातल्या प्रत्येकानं गाठोड्याला हात लावायचा, म्हणजे पुण्य सगळ्यांच्या वाट्याला येतं. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ उघडून बोटं टेकवतात. हात सगळे लावतात, उघडत मात्र कुणी नाही, कारण उघडलेलं दान उष्टं होतं. या एका रिवाजावर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन मजली घर बांधलं होतं.

चीवर असं होतं की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. आमच्या विहारातल्या थोरल्या हामुदुरुंना, म्हणजे मुख्य भिक्खूंना, ते गुडघ्यापर्यंतच पुरे, आणि ते अंगावर घेऊन निघाले की मच्छरदाणी फिरायला निघाल्यासारखी वाटे. साबणाला फेस नव्हता. वस्तऱ्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. पण हे सगळं सोज्वळ म्हणावं असं खाण्याच्या वस्तूंचं होतं. मुदत संपलेला माल कोलंबोहून पोत्यांतून यायचा. मागच्या खोलीत तो ओतला की आधी झुरळं बाहेर पडत, मग वास, आणि शेवटी माल. बिस्किटं ओल धरून मऊ झालेली, त्यांत सोंडेकिडे. माशाचे डबे फुगून गोल झालेले. ते मामा दोन्ही बाजूंनी दाबून पुन्हा चपटे करायला लावत. दुधाच्या पावडरीचे खडे झालेले, त्यांवर हिरवट बुरशी. ते खडे फोडायचे, तांदळाच्या पिठात कालवायचे, डबा पुन्हा बंद करायचा आणि बुडाची जुनी तारीख थिनरनं पुसून नवी मारायची.

हे सगळं मी करायचो. मी घरजावई. आमच्याकडे म्हणतात की घरजावयानं छत्री, काठी आणि कंदील कायम दाराशी ठेवावा. सासऱ्यानं हाकललं तर पाऊस आणि अंधार ही कारणं सांगत बसायला नको. माझी छत्री चार वर्षं दाराशी होती. तिच्यात एक पाल राहायची. तिचा हक्क माझ्यापेक्षा पक्का होता.

माल एकदाच विकून मामांचं समाधान होत नसे. विहारात गाठोड्यांचा ढीग झाला की तिथला झाडलोट करणारा म्हातारा उक्कुवा हातगाडी भरून मागच्या दारानं आमच्याकडे आणून देई. थोरल्या हामुदुरुंना तो सांगे, गोरगरिबांना वाटलं. आम्ही कागद बदलायचो, तारीख बदलायचो, की गाठोडं पुन्हा स्वर्गाच्या वाटेला. पोचा पडलेला एक दुधाचा डबा तर पाच वेळा माझ्या हातात आला. मी त्याला आजोबा म्हणायचो. आजोबांच्या पुण्यावर पाच कुटुंबं तरली होती आणि आजोबा अजून फुटले नव्हते.

मामांना आपला माल काय आहे हे कळत नव्हतं असं समजू नका. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला ते पिरिकर पलीकडच्या गावातल्या दुकानातून आणत, गुपचूप, बसनं जाऊन. गंमत अशी की त्या दुकानाचा मुदलाली आपल्या आईच्या वर्षश्राद्धाला आमच्या दुकानात येई, तोही गुपचूप. दोघं एकदा बसस्टँडवर एकमेकांचं गाठोडं काखेत घेऊन समोरासमोर आले. दोघांनी पावसाबद्दल चौकशी केली.

माझ्या बायकोला, इनोकाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान मामांची तशी समजूत होती आणि ती टिकवायला ते जीव टाकत. मागच्या खोलीत तिला कधी पाऊल टाकू दिलं नाही. देवाधर्माच्या वस्तू, पोरीबाळींचा वावर नको म्हणत. आई गेल्यावर त्यांनी तिला एकट्यानं वाढवलं होतं. तिच्या नजरेत आपण गावातले सगळ्यात दानशूर गृहस्थ आहोत, एवढीच त्यांची कमाई होती. बाकीचं घर वगैरे होतं. तिला तेव्हा सातवा महिना लागला होता.

वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी काळू गंगा नदी गावात आली. दरवर्षी ती पायरीपर्यंत येऊन जाते, त्या वर्षी तिनं पहिला मजला बघितला. वेसाकचे कागदी कंदील अजून खांबांवर होते. ते पाण्यात वितळून लाल-पिवळा चिखल वाहत होता. सगळं गाव टेकडीवरच्या विहारात चढलं. धर्मशाळेत चटयांना चटया लागल्या, माणसांना माणसं. दुकान बुडालं तेव्हा मामा टेकडीवरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. माल पाण्यात गेला म्हणजे पुरावाही पाण्यात गेला.

विहारातला तांदूळ दीड दिवस पुरला. होड्यांचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दुपारी थोरले हामुदुरु कमरेची किल्ली काढत कोठाराकडे गेले. दार उघडलं तर आत छतापर्यंत गाठोडी. वेसाक नुकतंच झालं होतं आणि उक्कुवाची हातगाडी अजून फिरली नव्हती. चकचकीत कागदांवर उजेड पडला आणि लोकांच्या तोंडून आपोआप साधुकार निघाला.

मामांनी माझा दंड धरला. नखं रुतली.

मग पियतिस्स मुदलाली, ज्यांनी आयुष्यात प्रवचनाला डुलकीखेरीज काही घेतलं नव्हतं, ते हात जोडून पुढं झाले आणि धर्म सांगू लागले. संघाला दिलेलं गृहस्थानं खाल्लं तर तो पुढच्या जन्मी प्रेत होतो, म्हणाले. पोट डोंगराएवढं आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. उपाशी राहिलेलं बरं. गाव चकित होऊन ऐकत होतं. हामुदुरुंनी शांतपणे सांगितलं की संघ मी आहे आणि देतोय मीच, प्रेत व्हायचं झालं तर मी होईन. वर म्हणाले, ही सगळी गाठोडी तुमच्याच हातून गेलेली, तेव्हा वाटपही तुमच्याच हातून होऊ दे.

दर कुटुंबाला एक गाठोडं. मामा वाटत होते आणि वाटता वाटता बिस्किटांचे पुडे काढून घ्यायला बघत होते. हवा दमट आहे, पोटाला बाधतील, असं पुटपुटत. आप्पम विकणाऱ्या कुसुमलता अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, मुदलाली, दुकान बुडालं आता, तराजू सोडा.

आमच्या चटईवरचं गाठोडं इनोकानं सोडलं. सगळ्यात वर आजोबा होते. तोच पोचा.

कुसुमलता अक्कांनी तीन विटांवर पाणी तापवलं होतं. गावात गरोदर इनोका एकटीच, तेव्हा पहिला पेला तिचा, असं अक्कांनीच जाहीर केलं. इनोकानं डबा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि त्यांच्या हवाली केला. अक्कांनी चमचा आत घातला, तो टक्कन वाजला. खडा पाण्यात पडला आणि विरघळायला तयार होईना. दाबून दाबून ढवळल्यावर त्याचं राखाडी पाणी झालं आणि वर पिवळे गोळे तरंगायला लागले. वास आला, पण त्या दिवशी सगळ्यालाच वास होता: गाळाला, ओल्या कपड्यांना, मेलेल्या कोंबड्यांना, आम्हा सगळ्यांना. इनोकानं पेला दोन्ही हातांनी उचलला. एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तोंडापाशी नेला.

मी तिथून तीन हातांवर होतो. मी काय केलं ते सांगतो: मी घसा खाकरला.

मामा धर्मशाळेच्या त्या टोकाला होते. ते माणसांच्या पायांवरून, चटयांवरून, एका म्हातारीच्या पानाच्या डब्यावरून धावत आले आणि तिच्या तोंडाशी गेलेला पेला त्यांनी हिसकून घेतला.

सगळ्यांच्या माना वळल्या.

मामांना आता काहीतरी बोलणं भाग होतं. खरं सांगायचं, तर इतक्या लोकांसमोर पोरीला सांगावं लागणार. पेला फेकायचा, तर फेकला का ते सांगावं लागणार. त्यांनी पेल्यात बघितलं. मग म्हणाले, "मला भूक लागलीय."

आणि प्यायले. उभ्यानं, एका दमात. गोळे घशाखाली जाताना मला दिसत होते, एकेक.

"अप्पच्ची," इनोका म्हणाली, "मागितलं असतं तर मी दिलं असतं."

त्या वाक्यानं मामांना जे झालं ते दुधानं झालं नसतं.

गावाला मात्र वाचा फुटली. पोटुशा पोरीच्या तोंडचं काढून घेणारा बाप गावानं पहिल्यांदाच बघितला होता. कुणी म्हणालं, मघाशी प्रेताची गोष्ट सांगत होते ती स्वतःचीच होती. कुणी म्हणालं, दुकानात गल्ल्याला हात लावू देत नाहीत तसं पोटालाही लावू देत नसतील. आणि तेवढ्यात पलीकडच्या चटईवर एकानं बिस्किटांचा पुडा सोडायला घेतला. मामांनी तो आवाज ऐकला. त्या कागदाचा आवाज आम्ही दोघं झोपेतही ओळखायचो.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही, विसरायचा प्रयत्न चांगला केलाय. त्यांनी आमच्या गाठोड्यातलं भिक्षापात्र काढलं. आमचंच प्लॅस्टिकचं, काळा रंग हाताला लागणारं. ते दोन्ही हातांत धरून त्या चटईपुढं जाऊन उभे राहिले. डोळे खाली, तोंडातून शब्द नाही. पहाटे हामुदुरु उभे राहतात तसे.

पुढं धरलेल्या पात्राला नाही म्हणायची आमच्या गावाला सवय नाही. हात आपोआप उठतो. त्या माणसानं शिवी हासडली आणि पुडा पात्रात टाकला. मामा पुढच्या चटईपुढं गेले. मग त्याच्या पुढच्या. बिस्किटं, दूध, माशाचे डबे. साखर-चहा कुणी देऊ केला तर मान हलवून नको म्हणत. भिकाऱ्याची निवड बघून लोक आणखी पेटले. दोनशे माणसांची धर्मशाळा, आणि आमचे मुदलाली आपलाच माल चटईचटईवरून परत गोळा करत होते.

कुसुमलता अक्का कमरेवर हात ठेवून वाटेत उभ्या राहिल्या. "एवढी भूक आहे ना मुदलाली? मग लपवून नेऊ नका. इथं बसा, आमच्यासमोर खा."

ते बसले. पहिला पुडा सोडला. बिस्किट मोडताना आवाज झाला नाही, ते वाकलं. त्यातून एक सोंडेकिडा बाहेर आला, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मामांच्या अंगठ्यावर चढला. लोकांना दिसू नये म्हणून मामांनी अंगठ्यासकट तोंडात घातलं.

"साधु," कुणीतरी म्हणालं.

मग पुढच्या घासाला आणखी दोघं म्हणाले, मग सगळी धर्मशाळाच. घास गेला की साधु, साधु, साधु. एक माशाचा डबा मामांनी स्वतः उघडला. तो फुसकन सुटला आणि आतलं काळपट पाणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. ते त्यांनी बोटानं पुसलं आणि बोट चाटलं, कारण वास घ्यायला कुणी वाकू नये. साधु, साधु, साधु. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठांना बुरशीची हिरवी किनार होती, आणि दर घासानंतर ते पोरीकडे बघत. ती बघत होती. पापणी लवत नव्हती.

त्यांनी हे लोकांना वाचवायला केलं की स्वतःला, मला आजही सांगता यायचं नाही. त्यांनाही नसेल सांगता आलं. उरलेला ढीग त्यांनी एका पोत्यात भरला आणि अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे त्यावर बसून राहिले. संध्याकाळी होड्या पाव घेऊन आल्या. त्या दोन दिवसांत गावात एकच माणूस आजारी पडला.

संडासाच्या मागं मी त्यांचं डोकं धरून उभा होतो. जे बाहेर येत होतं त्यात काही वस्तू मला ओळखू येत होत्या. मी पॅक केल्या होत्या. थोरले हामुदुरु पाण्याचा तांब्या घेऊन आले. मग मामांच्या सदऱ्याचा वास त्यांनी घेतला, पोत्याकडे बघितलं, आणि विचारलं की किती वर्षं. मामांनी बोटं दाखवली. एक हात पुरला नाही.

"साबणाला फेस येत नाही हे माझ्या ध्यानात आलं होतं, उपासक," हामुदुरु म्हणाले. "मी म्हटलं, माझ्या अंगाला मळच नसेल. अहंकार माझाही होता."

पोरीला सांगू नका, एवढंच मामा म्हणाले. हामुदुरुंनी ते कबूल केलं. सांगायचं तर तुम्हीच सांगा म्हणाले, आणि पोतं पुरायला मला फावडं दिलं. उक्कुवा दुसऱ्या दिवसापासून विहारात दिसला नाही. तो म्हणे गोरगरिबांना काही वाटायला गेला होता.

मामा अकरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तेव्हा त्यांनी यादी सांगितली. डॉक्टर मध्येच उठून खिडकीपाशी गेले. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. पिरिकरांचं दुकान बंद केलं, त्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या ठेवल्या. बादल्या कुजत नाहीत. पण गावानं त्यांचं नाव बदललं होतं. प्रेतांना घराबाहेर पानावर घास ठेवतात, तसं रोज सकाळी कुणीतरी दुकानाच्या पायरीवर केळीच्या पानात दोन बिस्किटं ठेवून जाई. ताजी, कुरकुरीत, समोरच्या दुकानातली. मामांना बिस्किटाच्या नुसत्या वासानं उमळून येई. कावळे जाडजूड झाले.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पेला सोसवत नव्हता.

ते घरी आले त्या दिवसापासून इनोका रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढं दुधाचा पेला ठेवायची. काठोकाठ. आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. "घ्या अप्पच्ची, तुम्हाला आवडतं," एवढंच म्हणायची. दूध चांगलं होतं, पण त्यांच्या जिभेवर अजून आजोबा होते. ते डोळे मिटून प्यायचे आणि मग परसात जाऊन बराच वेळ यायचे नाहीत. मुलगी झाली, बाळंतीण उठली, पाळणा बांधला, तरी पेला चुकला नाही. बाळंतपणातसुद्धा तिनं तो माझ्या हाती पाठवला आणि रिकामा परत बघितला.

शेवटी मला राहवलं नाही. एका दुपारी ती बाळाला न्हाऊ घालून बसली होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं: मामांनी पेला भुकेपोटी घेतला नव्हता. ते दूध विषासमान होतं. मामा काय विकत होते, कुठून आणत होते, उक्कुवा काय करायचा, सगळं. मला वाटलं ती रडेल. मी रुमालही काढून ठेवला होता.

ती बाळाला पावडर लावत होती. "माहीत आहे," ती म्हणाली. "डबा माझ्या हातात होता ना. तयार केल्याची तारीख पुढच्या महिन्यातली होती."

मला आठवलं. वेसाकच्या गर्दीत, डोळ्यांवर झापड असताना, मी एक ट्रेभर डब्यांवर महिना चुकवला होता. ते दूध अजून जन्मायचं होतं, माझ्या मुलीसारखंच.

मग ते तोंडाला का लावत होतीस, मी विचारलं.

"कोण थांबवतं ते बघत होते. अप्पच्ची आले. लांबून आले, पण आले."

मग त्यांना रोज छळतेस कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, ज्या दिवशी ते स्वतःच्या तोंडानं सांगतील त्या दिवशी पेला बंद. त्यांना सांगण्यापेक्षा पिणं सोपं वाटतं, तर पिऊ देत.

मी मान हलवली. मला ते न्यायाचं वाटलं. मी उठायला लागलो.

"तू अप्पच्चींचं सगळं सांगितलंस," ती बाळाची बोटं उलगडत म्हणाली. "तारखेचा शिक्का तिरका मारायची सवय कुणाची आहे, ते राहिलं."

मी तीन हातांवर होतो. मी घसा खाकरला.

मी दाराकडे बघितलं. छत्री होती. पाल तिच्यात नव्हती. तिनं बहुधा आधीच ओळखलं होतं आणि दुसरीकडे सोय केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर दोन पेले होते. मामा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दूध कोणतं आहे हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.